शेवंतीची शेज

गोजराबाईंशी माझी ओळख भांडणाने झाली. भांडायला मीच गेले होते, आणि परत आले तेव्हा माझ्या हातात दह्याची वाटी होती. त्यांच्याशी भांडायला गेलेल्या माणसाचं बहुधा असंच व्हायचं.

साल २००६. मी हिंजवडीतल्या एका कंपनीत टेस्टर होते. म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका शोधायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा. हा स्वभाव माझा लहानपणापासूनचाच. कंपनीने फक्त त्याला गळ्यात घालायला ओळखपत्र दिलं. मूळची मी तुळजापूरची. राहायला होते जवळच्या जांबे गावात, गोजराबाईंच्या तीन मजली बिल्डिंगीत, अगदी वरच्या मजल्यावर. खिडकी उघडली की शेजारच्या बिल्डिंगीची भिंत हाताला लागायची आणि नळाला पाणी घरमालकाच्या लहरीप्रमाणे यायचं, पण त्याबद्दल मी कधी तक्रार केली नाही. तक्रार होती ती उजेडाची. माझ्या आणि शेजारच्या खोलीमधल्या भिंतीत वर एक काचेची झडप होती, आणि श्रावणापासून त्या काचेतून चोवीस तास पिवळाजर्द उजेड माझ्या अंथरुणावर पडायला लागला होता. वीस दिवस मी तोंडावर ओढणी घेऊन झोपले. एकविसाव्या दिवशी ऑफिसात मी धडधाकट चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये नसलेली चूक शोधून काढली, आणि साहेबांनी मला घरी जाऊन झोपायला सांगितलं. घरी आले ती तडक शेजारचं दार वाजवलं.

दार उघडलं ते साठीच्या एका बाईने. घरमालकाची आई म्हणून त्यांना खाली ओट्यावर बसलेलं मी लांबून पाहिलं होतं. नऊवारी, कपाळावर मोठं कुंकू आणि हातात खुरपं. तिसऱ्या मजल्यावर खुरपं घेऊन कोणी दार उघडलं की माणूस भांडणाचं पहिलं वाक्य विसरतो.

"चपला भाईर काड," त्या म्हणाल्या. "आत मखर हाय."

मी चपला काढल्या. खोली दहा बाय दहाची. मधोमध मच्छरदाणीचे चार दांडे उभे करून त्यांवर चंदेरी कागद ताणला होता. तो घोटावड्याच्या कुठल्याशा कारखान्यातून आणलेला, छपाई बिघडलेला बिस्किटाच्या पुड्यांचा कागद. चकाकणारी बाजू आत, आणि बाहेरच्या बाजूला एकच बिस्कीट पाच-सहाशे वेळा, डोकं खाली करून छापलेलं. आत तेलाच्या डब्यांमध्ये, रंगाच्या बादल्यांमध्ये हिरवी रोपं, आणि त्यांच्या डोक्यावर दोनशे-दोनशेचे चार बल्ब. भट्टीत डोकावल्यासारखं माझं तोंड तापलं. मी पाहिलेलं हे पहिलंच मखर, ज्यात गणपती नव्हता.

"आजी, हा तंबू कशाचा?" मी विचारलं.

"तंबू तमाशाचा आसतो. ह्ये मखर हाय. द्येवीच्या वेनीची शेवंती हाय ती."

मग त्यांनी मला खाली बसवलं आणि सगळं सांगितलं. जांब्याच्या वाघजाईची जत्रा पौष पौर्णिमेला. त्या दिवशी सकाळी देवीच्या माथ्यावर पिवळ्या शेवंतीची वेणी चढते आणि मगच पालखी हलते. वेणीचा मान गोजराबाईंच्या घराचा, त्यांच्या आजेसासूच्याही आधीपासूनचा. अट एकच: फूल विकतचं चालत नाही. स्वतःच्या मळ्यातल्या मातीतलं, स्वतःच्या हाताने खुडलेलं पाहिजे. एक साल जरी चुकलं तरी मान दुसऱ्या घरी जातो, आणि गेलेला मान परत येत नाही. दुसरं घर म्हणजे रंभाबाईंचं. दोघींचे मळे बांधाला बांध लागून, ओढ्याच्या काठाला. दोघी एकाच साली लग्न होऊन गावात आल्या आणि चाळीस वर्षं त्या एका बांधावरून भांडल्या.

घोडं अडलं होतं ते इथेच. गोजराबाईंचा मळा आदल्या साली विकला गेला होता. त्यांचा मुलगा इंद्रजित याने तो एका कंपनीला दिला आणि ही बिल्डिंग बांधली. मळ्यात जेसीबी आला त्या सकाळी गोजराबाई त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. सगळ्यांना वाटलं, म्हातारी आता रडणार, आडवी पडणार. त्यांनी ड्रायव्हरला फक्त एवढंच सांगितलं की पहिली बकेट आमच्या ट्रॉलीत टाक. एक ट्रॉली माती त्यांनी आणली आणि घमेल्या-घमेल्याने तिसऱ्या मजल्यावर चढवली. बिल्डिंगीच्या भोवती पार्किंगचा कोबा होता, गच्चीवर मोबाईलचा टॉवर. उघड्यावर हातभरही जागा नव्हती.

"पण हे चालेल का देवीला?" माझ्यातली टेस्टर जागी झाली.

"कुशाबाला इचारलंय." कुशाबा म्हणजे देवळाचे गुरव. "त्यो म्हनला, माती मळ्याची, हात गोजराबाईचा. मग मळा माळ्यावर गेला तर द्येवीला काय त्याचं?"

गुरवाच्या निवाड्यावर मी काय बोलणार? मी उजेडाचा विषय काढला. रात्री तरी बल्ब बंद करा म्हणाले. त्यांनी खुरपं खाली ठेवलं आणि मी एखादं अभद्र बोलल्यासारखं माझ्याकडे पाहिलं.

"म्या द्येवीला बोलून बसलेय. वेनी हुईस्तवर मखरातला दिवा इझू द्यायची न्हाई. आखंड दिवा हाय त्यो, पोरी."

"चार बल्ब?"

"समईनं रोप वाडतं व्हय?"

एवढं बोलून त्यांनी मखरात हात घातला, एक वाटी बाहेर काढली, बोटाने दाबून पाहिली आणि चुकचुकत माझ्या हातात दिली. दही होतं. मला वाटलं प्रसाद. पण तो त्यांचा थर्मामीटर होता. सकाळी विरजण लावून वाटी रोपांमध्ये ठेवायची. दही दिवस मावळताना लागलं तर ऊब बरोबर. दुपारच्या आत लागलं तर रोपं उकडली, आणि दोन दिवस लागलंच नाही तर गारठली. त्या दिवशी दही साडेदहालाच लागलं होतं आणि आंबट ढाण झालं होतं. पानांच्या कडाही भाजल्यासारख्या झाल्या होत्या.

मी भांडायला आले होते हे मला जिन्यापाशी आठवलं. तोवर अर्धी वाटी संपली होती.

त्या रविवारी मी चार सीएफएल घेऊन गेले. परोपकार म्हणून नव्हे. निदान पिवळ्याऐवजी पांढरा उजेड तरी डोळ्यांवर येईल, एवढाच माझा हेतू. पण त्या दिव्यांना आच कमी, त्यामुळे दही दुपारी दोनपर्यंत पुढे सरकलं आणि गोजराबाईंच्या लेखी मी एकदम शहाणी ठरले. मग मी एक एग्झॉस्ट पंखाही सुचवला. खिडकीसमोर भिंत, म्हणून तो आमच्या दारांसमोरच्या बोळाच्या बाजूने बसवला. मखरातली गरम हवा बोळात यायला लागली, आणि पाऊस चालू असल्यामुळे दोन दिवसांत तिन्ही मजल्यांवरच्या भाडेकरू पोरांनी आपले मोजे तिथे आणून टांगले. देवीच्या मखराला बाहेरून मोज्यांचं तोरण लागलं. गोजराबाईंनी ते काढायला लावलं नाही. "वाळत्यात तर वाळू दे," म्हणाल्या, "पर धुतलेलंच आना."

वीज जायची, रोजच जायची, त्या दिवसांत ती साऱ्या महाराष्ट्राचीच जात होती. पण अखंड दिवा खंडायचा नव्हता. इंद्रजितने खाली जमिनी दाखवायचं ऑफिस थाटलं होतं आणि त्यातल्या कॉम्प्युटरसाठी इन्व्हर्टर घेतला होता. कॉम्प्युटरवर तो फक्त पत्ते खेळायचा. एका सकाळी तो ऑफिसात आला तर इन्व्हर्टर जागेवर नाही. तो आईशी वाद घालायला वर गेला. उतरला तेव्हा त्याच्याही हातात वाटी होती.

तरी त्याने एक अट घातलीच. "आये, पौष पुनवेपत्तूर खोली तुजी," तो म्हणाला. "तवर फुल आलं न्हाई तर म्या ह्ये समदं खाली आननार. गावात लोक हसत्यात. म्हनत्यात, इंद्रजितची आई बिस्किटाच्या खोक्यात शेती करती."

दसरा झाला. रोपं कंबरेएवढी झाली. हिरवीगार, तरारलेली, पाना-पानावर नुसता माज. कळी मात्र एक नाही.

गोजराबाईंना कारण माहीत होतं. "थंडी न्हाई म्हनून," त्या म्हणाल्या. चाळीस वर्षं त्यांनी पाहिलं होतं की दिवाळीच्या सुमाराला थंडी पडते आणि शेवंती कळी धरते. तेव्हा मखरात थंडी आणायला हवी. नाक्यावरच्या रसवंतीवाल्याकडून बर्फाच्या लाद्या यायला लागल्या. त्या पोत्यात गुंडाळून डब्यांच्या मध्ये ठेवायच्या, वर ओली गोणपाटं. बर्फ वितळायचा आणि लादीच्या फटीतून खालच्या खोलीत ठिबकायचा. खाली राहणारा पोरगा इंद्रजितकडे आला आणि म्हणाला, "भैया, बारिश बंद हो गयी, मेरे कमरे में नहीं हुई." दही तीन-तीन दिवस दूधच राहायचं. मखराजवळ बसताना गोजराबाई स्वतः कानटोपी घालायच्या. शेवंतीने मात्र त्या थंडीची काडीचीही दखल घेतली नाही.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी रंभाबाई आल्या. बांधावरून भांडण करायला आता तीन मजले चढावे लागत होते. त्यामुळे आधी त्यांनी जिन्यात बसून दम खाल्ला आणि मग आत येऊन मखरात डोकावल्या.

"गोजरे," त्या म्हणाल्या, "कोथमीर लई झ्याक आलीया."

गोजराबाईंनी कानटोपी कानांवर ओढून घेतली.

"आमच्या मळ्यातबी आता धरंल कळी," रंभाबाई जाता जाता म्हणाल्या. "सुतळी-बितळी हाय का घरात? वेनीला लागंल मला."

त्या गेल्यावर गोजराबाई बर्फाच्या पोत्यावरच बसल्या. कानटोपी काढून हातात धरली होती. "म्या जमीन इकली न्हाई पोरी," त्या म्हणाल्या. "पोरानं इकली, म्या आंगठा केला. मान तेवढा ठिवायचा व्हता." डोळे त्यांनी टोपीलाच पुसले. मला फार वाईट वाटलं. आणि मला वाईट वाटलं की राग येतो. राग आला की मी शोधायला लागते.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात कंपनीचं काम बाजूला ठेवून मी इंटरनेटवर शेवंती शोधली. चूक दहा मिनिटांत सापडली. शेवंतीची कळी थंडीने येतच नाही. ती येते अंधाराने. रात्र मोठी झाली, तेरा-चौदा तास सलग काळोख मिळाला, की मग तिला कळतं की आता फुलायचं. मध्ये जरा जरी उजेड पडला तरी तिला वाटतं, दिवस अजून मोठाच आहे, वाढत राहा. दिवाळीला थंडी आणि लांब रात्री बरोबरच येतात. गोजराबाईंनी चाळीस वर्षं श्रेय चुकीच्या पाहुण्याला दिलं होतं. आणि देवीपुढे बोललेला तो अखंड दिवा तीन महिने शेवंतीला डोळा मिटू देत नव्हता. तिची आणि माझी तक्रार एकच होती, फक्त तिला दार वाजवता येत नव्हतं.

मी संध्याकाळी जाऊन सांगितलं. गोजराबाईंनी सगळं ऐकलं आणि मान हलवली.

"खरं आसंलबी. पर दिवा न्हाई इझवायची."

"आजी, मग फूल नाही येणार."

"बोलल्यालं मोडून आल्यालं फुल द्येवी माथ्यावर घील व्हय?"

दोन दिवस मी समजावलं. पालथ्या घड्यावर पाणी. दिवा विझवला तर नवस मोडतो, नाही विझवला तर मान जातो. पौष पौर्णिमेला दोन महिने उरले होते, आणि कळी धरून फूल उमलायला तेवढेच लागतात. तिसऱ्या दिवशी मी वैतागून आमच्या घरचं बोलून गेले.

"आमच्या तुळजापूरला तर देवी स्वतः झोपते," मी म्हणाले. "वर्षातून तीनदा. मूर्ती उचलून पलंगावर निजवतात. तेव्हा कोणी तिला म्हणत नाही, ऊठ, तुझ्यासमोर दिवा लावलाय."

गोजराबाईंचा विरजणाचा हात थांबला. "तीनदा?"

"तीनदा. आणि रोजची शेजारती वेगळी."

त्यांनी वाटी खाली ठेवली, पदर सारखा केला आणि मला हाताला धरून थेट देवळात नेलं. कुशाबा गाभारा झाडत होते. गोजराबाईंनी मला पुढे ढकललं. मी पुन्हा सगळं सांगितलं: काळोख, कळी, पलंग. कुशाबांनी ऐकून घेतलं आणि कुंच्याची एक काडी मोडून दातात धरली.

"द्येवाला शेज आसती," ते म्हणाले. "मंग द्येवाच्या फुलाला का नसावी? शेजारती करा आन निजवा."

"आन दिवा?" गोजराबाईंनी विचारलं.

"दिवा कुनासाठी बोललीस? द्येवीसाठी. मंग शेवंतीच्या डोस्क्यावर कशाला जाळतीस? तुज्या देव्हाऱ्यात न्हे. समईनं द्येवीला चालतंय, रोपाला न्हाई."

इतका स्वच्छ निवाडा मी त्याआधी ऐकला नव्हता. आमच्या कंपनीत असली अडचण सोडवायला तीन मीटिंगा लागल्या असत्या.

त्याच संध्याकाळी गोजराबाईंनी मखरातल्या दिव्यावरून एक समई पेटवल्याचा सोपस्कार केला. सीएफएलवरून समई पेटत नाही हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी काडेपेटी काढली आणि मला गप्प बसायला सांगितलं. समई खाली देव्हाऱ्यात गेली. वर सहाच्या ठोक्याला शेजारती झाली. मग दिवे बंद आणि मखरावर दोन काळ्या घोंगड्या. माझ्या झडपेच्या काचेवरही त्यांनी स्वतःच्या हाताने पिठाच्या खळीने काळा कागद चिकटवला, कारण आता माझा दिवा शेवंतीला जागवू शकत होता. सकाळी आठला घोंगड्या काढायच्या, दिवे लावायचे, "उठा बाई, उजाडलं" म्हणायचं.

घोंगड्यांनी रात्री धरलेली ऊब दिवसाही टिकायची, दही पुन्हा लवकर लागायला लागलं. म्हणून पंखा रात्रभर चालू ठेवला आणि त्याच्या तोंडालाही काळ्या कापडाची दुहेरी झालर लावली. आठवडाभराने वाटी बरोबर दिवस मावळताना लागायला लागली. बर्फ बंद झाला, आणि खालच्या पोराने वर येऊन गोजराबाईंना नमस्कार केला.

मग सारी बिल्डिंगच शेवंतीच्या झोपेला जुंपली गेली. सहाच्या शेजारतीला साखर-खोबरं मिळतं म्हटल्यावर कामावर नसलेली पोरं यायची. विदर्भातला एक, सोलापूरचे दोघे, आणि तो हिंदीवाला, जो आरतीत मनापासून फक्त टाळ्या वाजवायचा. सहानंतर तिसऱ्या मजल्यावर कोणी मोठ्याने बोललं की खालून कोणीतरी म्हणायचं, "हळू, शेवंती निजलीय." मी सांगितलं की तिला फक्त उजेड चालत नाही, आवाजाचं काही नाही. कोणी ऐकलं नाही. इंद्रजितसुद्धा एकदा गिऱ्हाइकाला खोल्या दाखवायला आला तो चपला हातात घेऊन, आणि गिऱ्हाइकालाही काढायला लावल्या. ते गिऱ्हाईक परत आलं नाही.

पंचविसाव्या दिवशी सकाळी दारावर थाप पडली. गोजराबाई उभ्या. मला ओढत नेलं आणि एका रोपाच्या शेंड्यावर बोट ठेवलं. हिरव्या मण्याएवढी कळी. मग दुसऱ्यावर, तिसऱ्यावर. त्या मोजत नव्हत्या, नुसत्या एकेकीला बोट लावत होत्या.

"झोपली तवा फुलली," त्या म्हणाल्या. "माज्या सासूनं मला कवा दुपारचं आडवं होऊ दिलं न्हाई. तिला ह्ये ठावं नसंल."

मार्गशीर्ष संपला, कळ्यांना पिवळी टोकं दिसायला लागली. गोजराबाई रंभाबाईंची वाट बघत होत्या. कोथिंबिरीचं उत्तर त्यांनी केव्हाचं तयार करून ठेवलं होतं, मला दोनदा म्हणूनही दाखवलं होतं. पण रंभाबाई फिरकल्याच नाहीत.

आल्या त्या जत्रेच्या दोन दिवस आधी. यावेळी जिन्यात दम खायला थांबल्या नाहीत. आत आल्या, मखरातली फुलं पाहिली आणि भिंतीला टेकून बसल्या. गोजराबाईंनी तयार वाक्यासाठी तोंड उघडलं होतं.

"माज्याकडं एकबी कळी न्हाई, गोजरे," रंभाबाई म्हणाल्या.

"न्हाई म्हंजी?"

"न्हाई म्हंजी न्हाई. कंबरेएवडी झाली, नुसता पाला. चाळीस सालात आसं झालं न्हाई. कोनी करनी केली म्हनत्यात."

माझ्या लक्षात आलं. ऑफिसची गाडी मला रोज त्याच ओढ्यावरून आणायची. गोजराबाईंच्या विकलेल्या मळ्यात कंपनीच्या इमारतीचं काम दोन पाळ्यांत चालू होतं. दसऱ्यापासून तिथे उंच खांबांवर मोठाले दिवे लागले होते, संध्याकाळपासून उजाडेपर्यंत. त्या उजेडात गाडीत बसून मी वर्तमानपत्र वाचत असे. बांधाला लागून रंभाबाईंचा पाच गुंठ्यांचा मळा. तिकडच्या शेवंतीलाही दसऱ्यापासून रात्र मिळालेली नव्हती.

मी ते सांगितलं. सांगून झाल्यावर वाटलं, सांगायला नको होतं. गोजराबाई मखराकडून माझ्याकडे वळल्या.

"म्हंजी माज्या मळ्यातनं," त्या म्हणाल्या.

"तुमच्या मळ्यातून."

रंभाबाईंनी एवढंच विचारलं, "पाच गुंठ्याला घोंगडी कुटं मिळती?" आणि त्या हसल्या. गोजराबाई हसल्या नाहीत. कोथिंबिरीचं उत्तर त्यांनी गिळून टाकलं.

पौष पौर्णिमेला सकाळी त्यांनी आंघोळ करून ओलेत्याने फुलं खुडली. एक्केचाळीस निघाली. वेणी गुंफायला बसल्या तेव्हा त्यांनी रंभाबाईंना बोलावणं धाडलं. "सुतळी मागत व्हतीस न्हवं," त्या म्हणाल्या, "ह्ये टोक धर." रंभाबाईंनी टोक धरलं. गाठी किती सैल आहेत यावरून दोघी मध्येच भांडल्याही. कुशाबांनी वेणी देवीच्या माथ्यावर चढवली, पालखी हलली, आणि गोजराबाई सगळ्यांसमोर ढसाढसा रडल्या. मीही रडले. तिसऱ्या मजल्यावर जन्मलेली ती फुलं उन्हात पहिल्यांदाच आली होती आणि इतकी पिवळी दिसत होती की मला त्यांत एकही चूक काढता आली नाही.

पुढच्या आठवड्यात इंद्रजित माझ्या दाराशी आला. खाली बघत, चपला हातात घेऊन. "म्याडम," तो म्हणाला, "म्हैनाअखेर तुमची खोली रिकामी करायची हाय. आये म्हनती."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दिवे मी आणले, पंखा मी लावला, काळोख मी शोधून दिला, आणि मलाच बाहेरचा रस्ता? मी तरातरा निघाले. गोजराबाई जिन्यातच भेटल्या. डोक्यावर मातीचं घमेलं. त्यांच्या मागे रंभाबाई, त्यांच्याही डोक्यावर घमेलं. दोघी शेणखत किती घालायचं यावरून भांडत वर येत होत्या. रंभाबाईंच्या मळ्याची माती माझ्या खोलीत चालली होती.

"आजी, मी तुमचं काय वाईट केलं?" मी विचारलं.

गोजराबाईंनी घमेलं उतरवलं आणि त्या पायरीवर टेकल्या. माझा हात हातात घेतला. त्यांचा हात मातीने भरलेला होता.

"तू लई केलंस, पोरी. पर तुला ऱ्हायला खोली कुटंबी घावंल," त्या म्हणाल्या. "शेवंतीला काळोख कुटं घावायचा आता?"

मला भांडता आलं नाही. मी खोलीत गेले आणि झडपेच्या काचेवरचा काळा कागद सोलायला हात घातला. मग तो तसाच ठेवला, चपला घातल्या आणि शेजारच्या नांदे गावात खोली बघायला गेले.